भरलेलें भांडार

कर्जत स्टेशनावर ज्यांनीं कधीं सवडीनें उभें राहून गाडी पाहिली असेल, त्यांस ठाऊक आहे कीं, पुण्याकडे निघालेल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना येथें मागून आणखी इंजिनें जोडतात. पुढें बोरघाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. या साह्यकारी इंजिनास रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात. आमच्या जुन्या मोटारीसहि असा एक बँकर होता. हातीं धरून नेण्याजोगी ती पेटी चिरंजीवांनीं आणून दिली होती. तिचें नांव ‘जंप-स्टार्टर’. मोटारीची बॅटरी थकली म्हणजे पेटीचे दोन चिमटे तिच्या अग्रांस लावावे आणि इंजिन चालू करावें, एवढेंच तिचें कार्य.

निवृत्त झाल्यावर आम्हीं खोपोलीचें बिऱ्हाड मोडलें व कर्जतेस आलों. त्या धांदलींत पेटी आली. तिचा चार्जर मात्र गेला तो गेलाच. ‘उद्यां आणूं’ म्हणतां म्हणतां वर्ष लोटलें.

गेल्या आषाढांत एके रात्रीं सौभाग्यवतींस दम्याचा झटका आला. बाहेर मुसळधार पाऊस. दोन आठवडे उभी असलेली मोटार किल्ली फिरवितांच नुसती ‘टक’ करून गप्प राहिली. मोठ्या भरंवशानें पेटी काढून लावली; तिचा दिवा क्षणभर मिणमिणला आणि विझला. शेजाऱ्यांनीं रिक्षा मिळवून आणीपर्यंत पाऊण तास गेला. तो आम्हीं त्यांचे श्वास मोजण्यांत घालविला. ईश्वरकृपेनें उपचार वेळेवर झाले. घरीं परतल्यावर सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, “अहो, ती पेटी घरांत नसती, तर तुम्ही तिच्यावर विसंबलां नसतां.” जन्मभर वर्गांत उपदेश करूनहि इतकें नेमकें वाक्य आमच्या तोंडून कधीं निघालें नव्हतें.

पश्चात्तापाच्या भरांत आम्ही दुसरें साहस करणार होतों. चिरंजीवांच्या लॅपटॉपचा एक जुना चार्जर घरीं होता. त्याचें टोंक पेटीच्या छिद्रांत चपखल बसलें. बटण दाबणार, तोंच विजेचीं कामें करणारा आमचा एक जुना विद्यार्थी समाचारास आला आणि दारांतूनच ओरडला, “गुरुजी, थांबा! बसलें म्हणजे जुळलें असें नव्हे.”

तो चार्जर १९ व्होल्टांचा होता, पेटी १२ व्होल्टांची. शिष्याकडून होणारा पराभव गुरूनें भूषण मानावा, असें आपले पूर्वज सांगून गेले आहेत. आम्हीं निमूटपणें खुर्ची पुढें केली आणि धडा घेतला. ऐकतां ऐकतां आम्हांस संस्कृत व्याकरण आठवलें. विशेषण हें लिंग, वचन आणि विभक्ति या तिहींत विशेष्याशीं जुळावें लागतें. एकांत चुकलें तरी वाक्य अशुद्ध. चार्जराचेंहि तसेंच आहे.

पहिली गोष्ट पेटीची जात. कांहीं पेट्यांत शिसें व आम्ल यांची बंद बॅटरी असते, कांहींत लिथियमची. शिशाच्या बॅटरीचे सहा घट भरतांना व्होल्ट १४.४ च्या आसपास नेतात. नेहमींच्या जातीचे लिथियमचे तीन घट १२.६ वर थांबवावे लागतात. त्यापुढें गेल्यास आग लागण्याचें भय. म्हणून लिथियमच्या पेटीस निर्मात्यानें सांगितलेल्याच मापाचा चार्जर हवा, आणि माप कळत नसेल तर हातच लावूं नये. दुसरी गोष्ट व्होल्टांचें माप. तिसरी धन आणि ऋण अग्रांची. हीं उलट झालीं कीं नुकसान ठरलेलें. शिवाय प्रवाह बेताचा असावा. आमची पेटी १७ अँपिअर-तासांची. तिला तिच्या दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे दीड-पावणेदोन अँपिअरांचा प्रवाह पुरे. मोटारीच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावून घाई करूं नये.

पेटीच्या पाठीवरील अक्षरें भिंगानें वाचलीं. ती शिशाच्या जातीची निघाली. मापकानें ११.२ व्होल्ट दाखविले, म्हणजे जवळजवळ रिकामी. विद्यार्थ्यानें बंद शिसे-बॅटरीचा लहान चार्जर आणला, तांबडा चिमटा धनास व काळा ऋणास लावला, आणि उघड्या हवेच्या पडवींत पेटी रात्रभर भरूं दिली. दुसऱ्या दिवशीं विश्रांतीनंतर १२.५ व्होल्ट भरले. मोटार चालू झाली. परंतु पेटीची सर्व शक्ति परतली नाहीं. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली म्हणजे तिच्या पत्र्यांवर एक क्षार घट्ट धरतो. तो पुढें पुरता सुटत नाहीं. आळसाचें व्याज असें वसूल होतें.

आमची अर्धी नोकरी खालापूर तालुक्यांत गेली. खोपोलीचें टाटांचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें व तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांस जाऊं लागली, हें आम्हीं मुलांस कितीदां शिकविलें! लोणावळ्याचीं धरणें पावसाच्या चार महिन्यांत भरून घेतात, म्हणूनच वैशाखांतहि घाटाखालीं यंत्रें फिरतात. भिंत बांधली म्हणजे भांडार झालें नाहीं. तें वेळेवर भरावें लागतें. हाच धडा आमच्या कपाटावर वर्षभर धूळ खात पडला होता.

आतां दर पौर्णिमेस पेटी भरण्याचा नेम केला आहे. आमच्या नेमावर मात्र घरांत पूर्ण विश्वास दिसत नाहीं. सौभाग्यवतींनीं नवा चार्जर सुतळीनें पेटीसच बांधून टाकला आहे, आणि गांठ अशी मारली आहे कीं ती आम्हांस सुटत नाहीं.