कानातला गुलाल

"यंदाही तीच दावण."

तात्या एवढंच बोलले, चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि काठी टेकत निघून गेले. पुतण्या तिथंच मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "काका, आमच्याकडंही तेच होणार. नवे नियम आलेत. ज्याला इंजिन आधी जमलं, त्याच्यामागं बाकीचे चार वर्षं पळणार."

एक बैलांच्या शर्यतींबद्दल बोलत होता, दुसरा फॉर्म्युला वनबद्दल. दोघांच्या आवाजात सारखीच निराशा होती. पण मेलबर्नची शर्यत सुरू होईल तेव्हा पुतण्या टीव्हीसमोरून हलणार नाही, आणि गुडघे दुखत असले तरी तात्या घाटातली एक शर्यत चुकवणार नाहीत. कोण जिंकणार हे आधीच ठाऊक आहे असं म्हणायचं आणि तरीही उन्हात उभं राहायचं, हे काय आहे? आठवडा झाला, माझ्या मनातून ते जात नाही.

आमचं नेरे तसं दोन जगांच्या सांध्यावर आहे. एका अंगाला कासारसाईचं पाणी, दुसऱ्या अंगाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती. पुतण्या त्या काचेच्या बाजूला नोकरीला जातो, गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. तात्यांनी सगळा जन्म बैलांत काढला. तरी रविवारी ओट्यावर बसले की दोघांचा वाद एकच. पैसा जिंकतो की जनावर? पैसा जिंकतो की चालवणारा? हिंजवडीच्या बाजूनं जमिनीला भाव आला तसा काही पैसा दावणीलाही आला. चांगलं खोंड दिसलं की लाखांत बोली लागते आणि ते मोठ्या दावणीला जातं. फॉर्म्युला वनवाल्यांनी २०२१ पासून संघांच्या खर्चाला मर्यादा घातली आहे. तात्यांना ते सांगितलं तेव्हा बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "आपल्याकडं कोण घालणार?"

पुतण्याच्या जगातले आकडे मला आता पाठ झालेत. १९८८ मध्ये मॅक्लारेननं १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. २०२३ मध्ये रेड बुलनं २२ पैकी २१. आपल्या देशात, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, ही शर्यत २०११ ते २०१३ अशी तीनदाच झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन वेटेलच जिंकला. तिसऱ्या वेळी तर चौथं जगज्जेतेपद त्यानं तिथंच पक्कं केलं. पुतण्या तेव्हा शाळेत होता. त्या वर्षी तो माझ्याजवळ रडवेला होऊन म्हणाला होता, "दुसरं कुणीच का नाही?" आणि आता त्याला २०२३ विचारा. रेड बुलच्या एकवीस शर्यती तो एका वाक्यात संपवतो आणि सिंगापूरची उरलेली एक, जी फेरारीच्या कार्लोस साइंझनं जिंकली, ती अर्धा तास सांगतो. साइंझनं मागच्या गाडीला मुद्दाम आपल्या अगदी जवळ कसं ठेवलं, ती गाडी मर्सिडीजच्या तडाख्यातून त्यामुळं कशी वाचली, सगळं. एकवीस वेळा तोच संघ जिंकला नसता तर त्या उरलेल्या शर्यतीला इतकं मोल आलं असतं का, हे मी त्याला विचारलं नाही. स्वतःला विचारतो आहे.

लहानपणी शाळेत म्हणींचे अर्थ लिहायला सांगायचे. "बळी तो कान पिळी" याचा अर्थ मी लिहिला होता, बळकट बैलाचा कान पिळतात. गुरुजींनी त्यावर लाल रेघ मारली. पण मी जे पाहिलं होतं तेच लिहिलं होतं. आमचे वडील, त्यांना सगळे आण्णा म्हणायचे, शर्यतीत आपली बारी येण्याआधी आमच्या बैलाचा, सर्जाचा, कान मुठीत धरायचे. पिळायचे नाहीत. बोटांनी मुळापासून टोकापर्यंत हळूहळू चोळत न्यायचे. बैलाचा कान हातात घेऊन पाहावा. बाहेरून मऊ लव, आत उभे राठ केस, कडेला शिरांची नक्षी आणि मुळाशी ऊब. गोचीड तिथंच दडते. आण्णांची बोटं गोचीड शोधायला जात आणि ती सापडली नाही तरी तिथंच रेंगाळत. पुढं ढोल, स्पीकर, माणसांचा कल्ला, आणि सर्जा डोळे अर्धे मिटून उभा.

तेव्हापासून ही म्हण माझा पिच्छा सोडत नाही. तिच्यातला बळी कोण? बलवान, हा सरळ अर्थ. पण मराठीत बळी जाणाराही बळीच. संस्कृतातले दोन वेगळे शब्द आपल्या जिभेवर येऊन एक झाले, एक ताकदीचा आणि एक देवापुढं ठेवण्याचा. आणि तिसरा बळी म्हणजे आपला बळीराजा. त्याच्यासारखा अजिंक्य कुणी नव्हता. त्याच्यापुढं देवांचं काही चालेना, म्हणून वामन आला आणि तीन पावलं मागितली. वामनानं त्याला युद्धात हरवलं नाही. मागण्याचा नियम वेगळा होता, त्यात तो गेला. आणि आपण कुणाच्या बाजूचे? दिवाळीत पाडव्याला घरोघरच्या बाया अजूनही म्हणतात, इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो. एकट्याचं राज्य, ज्याला कुणी हरवू शकत नाही त्याचं राज्य, ते परत यावं म्हणून आपण ओवाळतो. मग ओट्यावर बसून "यंदाही तीच दावण" म्हणताना आपल्याला दुःख कशाचं होतं?

पुतण्याला हे सांगितलं तर त्यानं लगेच वामन दाखवला. जिंकणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी हवेच्या बोगद्यात गाडीची चाचणी घ्यायला सगळ्यांत कमी वेळ मिळतो. पहिल्याला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के, मग पायरीपायरीनं वाढत दहाव्याला ११५. जो पुढं आहे त्याच्या डोक्यावर थोडं पाऊल ठेवायचं. आणि मधूनमधून सगळेच नियम बदलायचे, जसे २०२६ मध्ये, निम्म्याच्या आसपास ताकद विजेची. पण २०१४ मध्येही असेच इंजिनाचे नियम बदलले होते. वेटेलचं राज्य गेलं खरं, पण लगेच मर्सिडीज उभी राहिली आणि तिनं सलग आठ वर्षं संघांचं अजिंक्यपद सोडलं नाही. एकाला पाताळात घातलं की दुसरा वर येतो. २०२५ मध्ये पहिल्या दोघांत फक्त दोन गुणांचं अंतर राहिलं, तेव्हा पुतण्या शेवटच्या शर्यतीला उभ्यानंच जेवला. मला वाटलं, चला, हवी ती चुरस मिळाली. तर तो म्हणाला, "पण काका, यात राजा कुणी नव्हता."

बैलांचं मात्र थोडं निराळं आहे, आणि तिथं माझा विचार दर वेळी अडतो. सातारा-सांगलीकडं मैदान असतं. शेजारशेजारच्या तासांतून छकडे एकदम सुटतात आणि जो पुढं तो जिंकला. आपल्या पुणे जिल्ह्याच्या घाटात तसं नाही. एका वेळी एकच गाडा चढावर पळतो. शेजारी कुणी नसतं, असतं ते घड्याळ. ठरल्या सेकंदात जेवढे गाडे येतील तेवढे सगळे पहिल्या नंबरात, आणि सगळ्यांत कमी वेळ घेणारा तो घाटाचा राजा. म्हणजे राजा असला तरी बाकीच्यांचा पहिला नंबर जात नाही. आण्णांना मैदान कधी आवडलं नाही. ते म्हणायचे, बैलाला शेजारचा दिसला की बैल स्वतःचं पळणं विसरतो.

मैदानातही कुठलाही बैल एकटा जिंकत नाही. जोडीला दुसरा लागतो आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दावणीचा असतो. त्याला पैरा म्हणतात. हा शब्द शर्यतीचा नव्हेच. एकानं आपला बैल दुसऱ्याच्या शेतावर न्यायचा, दुसऱ्यानं त्याच्या, अशा फेडाफेडीचा तो जुना शब्द. आपल्या मुळशीतल्या सूसच्या बकासूरनं २०२३ मध्ये भाळवणीच्या मैदानात थार गाडी जिंकली, तेव्हा त्याच्या शेजारी रेठऱ्याचा महिब्या होता. पारावर नाव बकासूरचं निघतं, पण जाणकार आधी विचारतात, पैरा कोण? फॉर्म्युला वनमध्ये असं होईल का, की फेरारीचं एक चाक मॅक्लारेनला लावलं आणि दोघं मिळून जिंकले?

घाटातही दोन दावणींचे बैल एका गाड्याला जुंपतात. त्याला जुगलबंदी म्हणतात. हे लिहिता लिहिता जिथं येऊन थांबायचं मी टाळत होतो, ते हेच.

मी चौथीत होतो. सलग तीन वर्षं एकाच दावणीचा गाडा आसपासच्या घाटांत राजा होत होता. आण्णा दर वेळी सर्जाला घेऊन जायचे आणि दुसऱ्या नाही तर तिसऱ्या नंबरात येऊन परतायचे. आई म्हणायची, "ठाऊक आहे तर जाता कशाला?" आण्णा वैरण टाकायला निघून जायचे. चौथ्या वर्षी त्या दावणीचा एक बैल पायानं अधू झाला आणि बारीच्या आदल्या रात्री त्यांची माणसं आमच्या दारात आली. त्यांना सर्जा हवा होता. मला वाटलं आण्णा नाही म्हणतील. मला त्यांनी नाही म्हणावं असं फार वाटत होतं. त्यांनी काहीही न बोलता दाव्याची गाठ सोडली.

त्या दिवशी तो गाडा पुन्हा घाटाचा राजा झाला. सर्जा संध्याकाळी घरी आला तो पाठीपासून खुरापर्यंत गुलालानं लाल. आण्णांनी ओल्या फडक्यानं त्याला पुसला. पाठ निघाली, वशिंड निघालं, शिंगं निघाली. कानातला गुलाल मात्र निघेना. आतल्या त्या राठ केसांत तो बसला होता. दुसऱ्या दिवशीही आण्णा फडक्याचं टोक पिळून, बोटाभोवती गुंडाळून, कान उलटा धरून हळूहळू पुसत होते. आईनं विचारलं, "कुणाचा म्हणायचा हा गुलाल? आपला का त्यांचा?" आण्णा म्हणाले, "बैल पळाला." तेवढंच.

त्या दोन शब्दांत समाधान होतं की हार, मला तेव्हा कळलं नाही. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठा आहे. कधी वाटतं, तीन वर्षं ज्याच्यामागं पळालो त्याच्याच जोखडाला आपला बैल लावून त्यांनी स्वतःचा नाद संपवला. कधी वाटतं, त्यांना कुणाला हरवायचंच नव्हतं, फक्त सर्जा किती वेगात पळू शकतो ते एकदा पाहायचं होतं आणि त्यासाठी दुसऱ्या बाजूला तेवढाच तोलाचा बैल लागत होता. तसं असेल तर तो अजिंक्य गाडा त्यांना नको नव्हता. हवाच होता.

पुढं २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ ला त्यांना अटींवर पुन्हा परवानगी मिळाली. आता चाबूक नको, काठी नको, शेपटी पिरगाळायची नाही. या अटी हव्याच होत्या. बैलाचे हाल मी पाहिलेत आणि ते पाहून मान खाली घातलेली आहे. ती मधली सात वर्षं ना सर्जानं पाहिली ना आण्णांनी. तात्यांनी पाहिली. घाट गवतानं भरले होते, तेव्हाही ते ओट्यावर बसून जुन्या राजांची नावं घ्यायचे. कुणीच जिंकत नव्हतं त्या वर्षांत "तीच दावण" म्हणायलाही कुणी नव्हतं, आणि ते त्यांना जास्त जड गेलं.

तात्या त्या दावणीची वर्षं अजून बोटांवर मोजतात. पहिलं, दुसरं, तिसरं, आणि मग चौथं, सर्जाचं. तेही ते त्या दावणीच्याच हिशोबात धरतात. परवाही धरलं. मी समोरच बसलो होतो. त्यांना थांबवावं असं वाटलं, पण थांबवून काय सांगायचं ते सुचलं नाही.