गाडी लावली, नोकरी सोडली नाही

‘कामगार कायदा सोप्या भाषेत’ असा विषय संपादकांनी दिला. प्रयत्न करतो. पण सध्या एकच प्रकरण डोक्यात ठाण मांडून बसलं आहे, म्हणून तेच धरून लिहितो.

कळमनुरी तालुक्यातला एक ड्रायव्हर. हिंगोलीच्या बाजारातून हळद भरून तमिळनाडूत इरोडला निघालेला. हैदराबादच्या अलीकडे भावाचा फोन आला. बायकोला वेळेआधीच कळा लागल्या, रक्त थांबत नाही, नांदेडला हलवतोय. त्याने शेठला पुन्हा पुन्हा फोन लावले, पण ते उचलले गेले नाहीत. मग त्याने पेट्रोल पंपावर गाडी लावली, ताडपत्रीच्या दोऱ्या आवळून पाहिल्या, चावी आणि बिल्टी (मालवाहतुकीची पावती) क्लिनरकडे दिली, शेठच्या व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप टाकला आणि मिळेल त्या वाहनाने परतला. बायको वाचली, बाळ गेलं. तिला घरी आणून तो कामावर गेला, तर गाडीवर दुसरा ड्रायव्हर. ‘तू काम सोडून गेलास,’ शेठ म्हणाले, आणि वर उचलीचे पैसे मागितले.

अशा दाव्यांत मालकाचा लेखी जबाब बहुतेक वेळा असाच असतो : आम्ही काढलं नाही, तोच गेला. माझा खरा वाद इथे आहे आणि तो जरा विस्ताराने सांगायलाच हवा. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतला एक कामगार रजेवर गावी गेला आणि आजारी पडला. सलग आठ दिवस विनारजा गैरहजर राहणाऱ्याने नोकरी सोडली असं समजावं, अशी गिरणीच्या स्थायी आदेशात तरतूद होती. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे 1979 मध्ये जी. टी. लाड प्रकरणात, संपावर गेलेल्या कामगारांबाबत, न्यायालय म्हणालं की नोकरी सोडणं हा हेतूचा प्रश्न आहे. परतायचंच नाही असा इरादा दिसला पाहिजे. 1993 मध्ये डी. के. यादव प्रकरण आलं. तिथेही आठ दिवसांचीच तरतूद होती, पण चौकशी न करता, कामगाराचं म्हणणं न ऐकता नाव कमी करणं हे संविधानाच्या 14 आणि 21 या अनुच्छेदांच्या विरुद्ध ठरलं. 2012 मध्ये कृष्णकांत परमार प्रकरणात आणखी स्पष्ट झालं : आजार, अपघात, दवाखाना अशा नाइलाजाने झालेली गैरहजेरी जाणूनबुजून केलेली म्हणता येत नाही. तो निकाल सरकारी नोकराचा आहे हे मान्य, पण नाइलाज खाजगी नोकरीतही नाइलाजच असतो. तरीही जुन्या गिरणीचा निकाल अजून टेबलावर येतो. ज्याने चावी सोपवली, माल सांभाळला आणि निरोप धाडला, त्याचा परतायचा इरादा नव्हता असं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

कायदा बाजूने असला तरी पुरावा हवा. आधीच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम केल्याचं सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो आणि 2002 च्या हदिमनी निकालानुसार त्याचं नुसतं प्रतिज्ञापत्र त्याला पुरत नाही. पगार रोखीत, हजेरीपुस्तक नाही. अशा वेळी बिल्टी कामाला येते. या माणसाने जुन्या बिल्ट्यांच्या कार्बन प्रती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. शाई फिकटलेली, एका प्रतीवर हळदीचा पिवळा अंगठा. पण गाडीचा नंबर, पोत्यांचा आकडा, लायसन नंबर आणि खाली त्याची सही, सगळं वाचता येतं. फास्टॅगवरून गाडी कुठे होती ते कळतं, ती कोण चालवत होतं ते ही सही सांगते.

आणि कृपा करून 240 दिवस भरले की माणूस ‘परमनंट’ होतो हे पसरवणं थांबवा. गावोगाव हेच ऐकू येतं, आणि त्या भीतीने मालक दिवस भरायच्या आधीच माणसं बदलतात. 240 दिवसांनी मिळतं ते एवढंच : कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. 1947 च्या कायद्यातली ही अट नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

बाकी नव्या संहितांबद्दल मी साशंक आहे. मोटार परिवहन कामगारांचा 1961 चा कायदा पाच कामगारांपासून लागू होई. दिवसाला आठ, आठवड्याला 48 तास काम आणि भरपगारी रजा त्यात होती. त्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून आलेल्या संहितेत नियुक्तीपत्र बंधनकारक झालं हे चांगलंच, पण तिथे किमान दहा कामगार लागतात. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा या पट्ट्यात दोन-चार गाड्यांचे मालकच जास्त. ज्याला नियुक्तीपत्राची सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर राहिला.

शेठ आता तडजोडीला तयार आहेत. उचल माफ करतो आणि वर काही रक्कम देतो, म्हणतात. ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीवर लागला आहे आणि तारखेला येणं म्हणजे त्याची एक खेप बुडते. पैसे घेऊन मोकळं व्हावं असं त्याच्या घरच्यांचं मत, आणि ते चूक म्हणवत नाही. तो मात्र एकाच गोष्टीवर अडला आहे : तडजोडीच्या कागदावर ‘स्वखुशीने काम सोडले’ हे वाक्य नको. मसुद्यातलं ते वाक्य मी खोडलं आहे. समोरच्या वकिलांचं उत्तर अजून यायचं आहे.