किती महिने थांबू शकता?

आमच्या टीममधल्या दोघांना नारळ मिळाला, त्याच महिन्यात बाबांनी निवृत्तीच्या पैशांतले दहा लाख मला देऊ केले. ‘इथेच इंदिरानगरात एक टू बीएचके घेऊन टाक. भाड्याने जाईल, भावही वाढेल,’ असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पिढीचा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांनी कर्ज काढून इकडे घरं घेतली, पंचवीस वर्षं हलले नाहीत, आणि आज त्यांचं बरं चाललंय. ‘जागेत घातलेला पैसा बुडत नाही’ हे वाक्य तिथूनच येतं.

पण त्या वाक्यात ‘हलले नाहीत’ हा भाग कुणी बोलत नाही. ते हलले नाहीत, कारण ते त्या घरात राहत होते आणि पगार पक्का होता. मला घ्यायचा होता तो दुसरा फ्लॅट, गुंतवणुकीचा. पगार मात्र आयटीतला, म्हणजे सोमवारच्या ईमेलवर अवलंबून.

म्हणून एक्सेल उघडलं. नव्या, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 50 लाखांचा फ्लॅट धरला. मुद्रांक शुल्क सहा टक्के म्हणजे 3 लाख, नोंदणी 30 हजार, जीएसटी पाच टक्के म्हणजे अडीच लाख. एकूण 5 लाख 80 हजार, तेही स्वतःच्या खिशातून, कारण कर्जात हे सहसा बसत नाही. म्हणजे भाव साडेअकरा टक्क्यांहून जास्त वाढेल तेव्हा कुठे मी शून्यावर येणार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेली इमारत असेल तर जीएसटी लागत नाही. नवख्या माणसाने तयार घराकडे आधी बघावं याचं हे पहिलं कारण.

पुढे हप्ता. 40 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं : 34,713 रुपये. भाडं 14 हजार धरलं. ताबा मिळून भाडेकरू आला तरी दरमहा वीस हजारांवर मीच घालणार. ताबा मिळेपर्यंत तर भाडंही नाही.

आणि व्याजदर स्थिर नसतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे 2020 मध्ये 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा झाला, 2025 मध्ये पुन्हा उतरला. सात टक्क्यांनी हेच कर्ज घेतलं तर हप्ता 31,012 येतो. दर साडेनऊ झाला तर 40 लाखांवरचं महिन्याचं नुसतं व्याजच 31,667 होतं. हप्ता व्याजालाही पुरत नाही! बँक अशा वेळी मुदत वाढवते किंवा हप्ता. गोड बोलून दोन्हीही.

यातली खरी मेख माझ्या उशिरा ध्यानात येईल अशी नव्हती, कारण ती शेजारच्या खुर्चीवरच होती. मंदी आली की माझी नोकरी, माझ्या भाडेकरूची नोकरी आणि माझा फ्लॅट विकत घेऊ शकणाऱ्याची नोकरी एकाच वेळी डळमळते. शेअर निदान पडत्या भावात तरी त्याच दिवशी विकता येतो. फ्लॅटचं एक बाथरूम तेवढं विकून महिना काढता येत नाही.

थांबायला लागणं म्हणजे काय, हे नाशिककरांना ‘कपाट’ या शब्दाने शिकवलंय. मंजूर नकाशात भिंतीबाहेर कपाटासाठी दाखवलेली जागा अनेक इमारतींमध्ये खोलीत घेतली गेली. 2015 च्या सुमारास महापालिकेने नियमावर बोट ठेवलं आणि पूर्णत्वाचे दाखले अडकले. तोडगा निघायला काही वर्षं गेली. घरं जागेवर होती, पैसाही बुडाला नव्हता. अडकला होता फक्त वेळ. ज्यांचा हप्ता आणि घरभाडं दोन्ही चालू होतं, त्यांना तो वेळच महाग पडला.

1 मे 2017 पासून महारेरा आहे, त्याचा आधार जरूर घ्या. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. प्रकल्पाची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख, दोन्ही संकेतस्थळावर दिसतात. त्या दोहोंमधलं अंतर ब्रोशरपेक्षा खरं बोलतं. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. इंडेक्स टू काढून शेजारच्या इमारतीतले व्यवहार किती रकमेला नोंदले गेलेत ते बघा. एजंटने सांगितलेला ‘चालू भाव’ आणि तो आकडा शेजारी शेजारी ठेवा.

जाहिरातीतल्या भविष्याचे पैसे आज देऊ नका. नाशिकच्या मेट्रोसाठी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटींची घोषणा झाली. मेट्रो अजून ब्रोशरमध्येच धावते. समृद्धी महामार्ग खरंच पूर्ण झाला, 2025 मध्ये, पण तो जातो इगतपुरी-सिन्नरकडून. त्याने इंदिरानगरातलं भाडं किती वाढेल, ते भाडेकरूला विचारा. सिंहस्थ 2027 चा आहे, तुमचं कर्ज 2045 पर्यंतचं.

बाबांचे दहा लाख मी एफडीतच राहू दिले. ते दोन दिवस नीट बोलले नाहीत. पण आमच्या घरात थांबायची ताकद सगळ्यात कमी त्याच पैशांची आहे. उद्या दवाखान्यात लागले तर ‘गिऱ्हाईक बघतोय’ असं डॉक्टरांना सांगता येणार नाही. मी स्वतःसाठी नियम ठरवलाय : बारा महिन्यांचे पूर्ण हप्ते, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख, वेगळे पडलेले असतील, भाडं शून्य धरलेलं असेल, तेव्हाच टोकन द्यायचं. तोवर शनिवार-रविवार फिरून बघतोय. भाव कुठे जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं. आपण किती महिने थांबू शकतो, हे मात्र प्रत्येकाला आज रात्री मोजता येतं.

तुम्हीही बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅट सोडा. दोन वर्षांपूर्वी ताबा दिलेल्या जवळच्या इमारतीसमोर रात्री आठ वाजता उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. जिथे अंधार आहे, त्यांतल्या बऱ्याच घरांचे मालक भाडेकरूची वाट बघत हप्ता भरत असतात. तुम्ही आलात की त्या रांगेत एक जण वाढतो.