गुळव्या टिकतो कशानं?

गुऱ्हाळाला चरक, इंजिन, काहील सारं पैसे टाकून मिळतं. मिळत नाही तो चांगला गुळव्या. आमच्या करवीर भागात दिवाळी सरली की त्याची पळवापळवी सुरू होते. पाक साधारण ११८ अंशांवर आला की काहील उतरवावी, असं पुस्तकात आहे. आमचा गुळव्या मात्र पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. थोडा उशीर झाला तर गूळ काळपटतो आणि सौद्यात दर पडतो.

गेल्या साली शेजारगावातून त्याला जादा उचल सांगून आली. तो गेला नाही. मी त्याच्या बायकोला कारण विचारलं. म्हणाली, "तुमच्याकडं बाजारादिवशी हिशेब चुकता हुतो, आन् काईल उतरताना तुमी मधी बोलत न्हाईसा."

हे दुसरं फार जड जातं बरं का! पैसा आपला, ऊस आपला, आणि गप्प उभं राहायचं. पण पाक त्याला कळतो.

हंगामभर तो कुटुंबासह इथंच राहतो, म्हणून खोपीवर पत्रे घातले, दिवा दिला. चुलवाणात चिपाड घालणारा जळव्या मात्र अजून टिकत नाही. त्या धगीपुढं दिवसभर कोण उभं राहणार? यंदा दोघे पाळीपाळीनं लावलेत.