होल्याचें दूध

पहूरच्या आमच्या धाब्याच्या घरीं यंदा ओसरीच्या तुळईवर होल्याच्या जोडप्यानें चार काटक्या टाकल्या आणि त्यांनाच घरटें मानलें. त्यांवर दोन पांढरीं अंडीं दिसूं लागतांच आबांनीं आपली खाट दुसऱ्या कोपऱ्यांत हलवावयास लावली. पांखरूं बिचकूं नये एवढाच हेतु.

सकाळीं दहाच्या सुमारास एक पांखरूं उठे व दुसरें बसे. तिसऱ्या प्रहरीं पुन्हां पालट होई. होल्यांच्या कुळांत दिवसा बहुधा नर बसतो आणि रात्रीं मादी. हें मीं आबांना सांगितलें, तेव्हां ते नुसते हंसले, आणि मी ओशाळलों. मी सात वर्षांचा असतांना आई गेली; बहीण तेव्हां तीन महिन्यांची होती. आबांनीं दुसरें लग्न केलें नाहीं. तिला बोंडल्यानें दूध पाजणाऱ्या, तिचीं दुपटीं वाघूरच्या पाण्यांत धुणाऱ्या आबांना पाहून शेजारच्या बायका हळहळत, "बापाला आईची माया कोठून येणार?" तें वाक्य खरें मानून मी कित्येक वर्षें मनांतल्या मनांत त्यांच्यावर रुसलों होतों.

मायेचा हिशेब रक्तांतून मांडावयाचा, तर पांखरांकडे जावें. आमच्या खानदेशच्या बहिणाबाईंनीं सुगरणीच्या खोप्यांत आईची माया पाहिली. परंतु खोपा विणतो तो नर. सलीम अलींनीं १९३० सालीं अलिबागजवळ किहीमला या पांखरांचा संसार बारकाईनें पाहिला. मादी अर्धवट खोपा पारखून पत्करते. ती अंडीं घालून बसली, कीं नर नव्या मादीसाठीं नवा खोपा विणावयास लागतो. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा जोर नर पांखरांना गावयास, झगडावयास व मादीला रिझवावयास लावतो. कित्येक जातींच्या नरांना तें वरून दिलें, तर पिलांना भरविण्याचें सोडून ते गात राहतात!

होल्याची तऱ्हा निराळी. अंडीं उबवितांना त्याच्या रक्तांत प्रोलॅक्टिन वाढतें, आणि गळ्याखालच्या थैलींत दुधासारखा घट्ट रस तयार होतो. हें दूध आईला येतें तसें बापालाही येतें. पारव्यांतील या दुधाच्या शोधांतूनच १९३३ सालीं ऑस्कर रिडल यांनीं प्रोलॅक्टिनला तें नांव दिलें. पुढें अमेरिकेंत डॅनियल लेहरमन यांनीं होल्यांवर प्रयोग केले. एकट्या पांखराला तयार घरटें व अंडीं दिलीं, तरी तें बसेना. जोडीदाराच्या संगतींत काटक्या रचीत आठवडा गेला, कीं तेंच पांखरूं अंड्यांवर बसे. म्हणजे रसामुळें कृति घडते हें जितकें खरें, तितकेंच कृतीमुळें आणि सहवासामुळें रस जागा होतो हेंही खरें.

माणसाचें मन होल्याच्या थैलींत मावणार नाहीं, हें मी जाणतों. तरी २०११ सालीं फिलिपाईन्समधील शेंकडों तरुणांच्या पाहणींत असें दिसलें, कीं बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन उतरतें. आणि जे बाप मुलांची देखभाल अधिक करतात, त्यांच्यांत तें अधिक कमी असतें.

परवां धीर करून मीं विचारलें, "आबा, ताईला सांभाळतांना तुम्हांला भीति नाहीं वाटली?"

"वाटली तर! पहिले कांहीं दिवस ती माझी वाटतच नव्हती," ते म्हणाले. "जीव लागण्याआधीं हात लावावा लागला, बाबा. हात लावतां लावतां जीव लागला."

पन्नास वर्षांत मीं हें कधीं विचारलें नव्हतें. बायकांच्या त्या प्रश्नाचें उत्तर आमच्याच ओसरीवर खाट टाकून पडलें होतें.

तिसरा प्रहर झाला होता. तुळईवर मादी आली. होला निमूटपणें उठला व विहिरीकडे उडाला. आबांचा डोळा लागला होता. मीं त्यांचें पांघरूण सारखें केलें आणि दिवेलागणीपर्यंत तेथेंच बसून राहिलों.