वारा पडतो तेव्हा

मुंबईहून रेवदंड्यास मोटारीने तीन-चार तासांत जाता येते. शिडाच्या होडीने सबंध दिवस लागतो, आणि असा दिवस अकारण खर्च करणाऱ्यास आमच्या वर्गात रिकामटेकडा म्हणतात. तरी गेल्या माघात एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या छोट्या यॉटमधून येण्याविषयी विचारले, तेव्हा मी आनंदाने होकार दिला. होडी पंचवीस फुटी. एक डोलकाठी, दोन शिडे. सोबतीस थळचे एक वृद्ध कोळी होते. त्यांना आम्ही दोघेही ‘नाखवा’ म्हणत असू.

निघण्याची वेळ नाखव्यांनीच ठरविली. तिथीची पाऊणपट करावी, की भरतीची वेळ निघते. अष्टमीस ती सहा. विद्यार्थ्याजवळ छापील कोष्टक होते. दोहोंत अंतर पडले ते काही मिनिटांचे! पाणी ओसरू लागताच आम्ही अपोलो बंदरासमोरून निघालो. जमिनीवरचा गार मतलई वारा डाव्या अंगाने शिडांत भरत होता. प्राँग्जचा दीपस्तंभ उजवीकडे मागे पडला. तेरा-चौदा सागरी मैलांवर खांदेरी. दहाच्या सुमारास ती अगदी जवळ आली आणि नेमका तेथेच वारा पडला.

शिडे लोंबू लागली, सुकाणू हातात निर्जीव झाले. रात्री निवालेली जमीन ऊन चढताच तापते, आणि वारा उलटून समुद्रावरून येऊ लागतो; पण ह्या दोन वाऱ्यांच्या मधे तास-दोन तास पाण्यावर कोणाचेच राज्य नसते. होडीत लहानसे यंत्र होते. “सर, सुरू करू का?” असे विद्यार्थ्याने विचारले. उत्तर नाखव्यांनीच दिले : “वारा येल. बसा.”

बसल्या बसल्या दोन्ही बेटे न्याहाळता आली. खांदेरी बाहेरच्या अंगास, उंदेरी तिच्या आणि थळच्या मधे. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी ह्या खडकावर उतरला व तटबंदीस लागला. मुंबईच्या तोंडाशी हे बांधकाम पाहून इंग्रज हादरले. त्यांनी जहाजे पाठविली; १८ ऑक्टोबरच्या लढाईत त्यांचे ‘डोव्हर’ मराठ्यांच्या हाती लागले, ‘रिव्हेंज’ मात्र टिकून राहिले. पुढेही वेढा चाललाच. पण वल्ह्यांनी चालणाऱ्या लहान होड्या रात्री पहारा चुकवून बेटावर रसद पोचवीत राहिल्या. १६८० च्या जानेवारीत सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, तरी खांदेरी हलली नाही. त्याच वर्षी इंग्रजांनी तह केला.

ह्या प्रकरणाचे वर्णन आमच्या पुस्तकांतून तोफा, करारमदार आणि पत्रे ह्यांच्या आधारे येते. ती पत्रे फार मोलाची. परंतु त्यांतून वारा पडलेला दिसत नाही. शिडे लोंबत असलेले मोठे जहाज आणि चार वल्ह्यांची होडी ह्यांत कोण बलवान, हे येथे तासभर बसल्यावर कोणास सांगावे लागत नाही. आमच्या विद्वानांनी समुद्र बहुधा किनाऱ्यावरून पाहिला. सिंधुबंदी कागदावरून गेली, मनातून अजून पुरती गेलेली नाही. मराठ्यांच्या आरमाराचा अभिमान बाळगणाऱ्या घरांत तांडेलाचा धंदा मात्र हलका समजतात. हे मला कधीच पटलेले नाही. भरतीचे गणित ज्यांनी बोटांवर जपले, त्यांचे नाव किती ग्रंथांच्या पानांत सापडते?

साडेबाराच्या सुमारास वायव्येकडे पाण्यावर एक काळसर रेघ उमटली. नाखव्यांनी काही न बोलता शिडाची दोरी हातात घेतली. पाठीमागून आलेल्या त्या खाऱ्या वाऱ्याने होडी अशी चालली, की कुलाब्याचा किल्ला नीट पाहावयासही सवड मिळाली नाही. कोर्लईचा डोंगर दिसू लागला, तेव्हा चार वाजत आले होते. पाणी पुन्हा चढत होते; चढत्या पाण्याबरोबर आम्ही कुंडलिकेच्या मुखात शिरलो आणि नांगर टाकला.

परतीचा विचार मी काढला, तेव्हा नाखवे जाळी सुकत घातलेल्या किनाऱ्याकडे पाहत होते. “उद्या नवमी,” ते म्हणाले, “पावणेसात.”