फालाहिलच्या बंडखोराचे नाव

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळ्या स्कॉटिश टेरियर कुत्र्याला दोन नावे होती. ‘मरे द आउटलॉ ऑफ फालाहिल’ हे भारदस्त नाव कागदावर राही आणि ‘फाला’ हे हाक मारायचे. त्याआधी पिल्लूपणी त्याला ‘बिग बॉय’ म्हणत. ते नाव कोणत्याही कुत्र्याला शोभले असते. रूझवेल्टांनी ते बदलले, आणि पुढे या कुत्र्याच्या वाट्याला जे आयुष्य आले त्यात या बदलाचा वाटा फार मोठा आहे.

फालाचा जन्म 7 एप्रिल 1940 रोजी झाला. रूझवेल्टांच्या दूरच्या नात्यातील बहीण मार्गारेट सुकली हिने तो त्यांना नाताळची आगाऊ भेट म्हणून दिला. घरचे लोक तिला डेझी म्हणत. कुत्रा सोपवण्यापूर्वी तिने त्याला बसणे, लोळणे, उडी मारणे असे धडे दिले होते. 10 नोव्हेंबर 1940 रोजी तो व्हाइट हाउसमध्ये राहायला आला. पाचच दिवसांपूर्वी रूझवेल्ट तिसऱ्यांदा अध्यक्षपदी निवडून आले होते.

नाव ठरवताना रूझवेल्टांनी आपल्या वंशावळीत शोध घेतला. फालाहिलचा जॉन मरे हा स्कॉटलंडच्या सीमाभागातला बंडखोर. त्याला ते आपला पूर्वज मानत. कुत्र्याची जात स्कॉटलंडची, तेव्हा नावही तिथलेच आणि तेही आपल्याच घराण्यातले असावे, असा हा मेळ होता. रूझवेल्टांना घराण्याच्या इतिहासाची मनापासून आवड होती. एरवी हे नाव निव्वळ हौसेचे वाटले असते. त्यांच्या बाबतीत ते स्वभावातूनच आले होते. जातिवंत कुत्र्यांना नोंदणीचे लांब नाव आणि घरात वापरायचे छोटे नाव अशी दोन नावे देण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत जुनीच आहे. अशा वेळी बरेचदा या दोन नावांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. इथे मात्र छोटे नाव मोठ्या नावातूनच निघाले, आणि तेही व्यक्तीच्या नावातून न निघता गावाच्या नावातून. ‘मरे’ म्हणून हाक मारणे सहज जमले असते, पण ते माणसाचे नाव वाटले असते. ‘फाला’ हे दोन अक्षरी, स्वरान्त आणि दुसऱ्या कोणाचेही नसलेले नाव. व्हाइट हाउससारख्या गजबजलेल्या घरात ते कानाला लगेच वेगळे कळे.

पहिले काही आठवडे सगळे त्याच्यावर इतके खूश होते की जो तो त्याला काहीतरी खायला घाली. स्वयंपाकघरातल्या लोकांचा हात तर जास्तच सढळ होता. परिणामी फालाचे पोट बिघडले आणि तो आजारी पडला. तेव्हा त्याला फक्त आपणच खाऊ घालणार, असा हुकूम अध्यक्षांनी काढला. सकाळी त्यांच्या नाश्त्याच्या ट्रेबरोबर फालासाठी एक हाड वर जाई आणि संध्याकाळी त्याचे पूर्ण जेवण होई. रात्री तो त्यांच्याच खोलीत झोपे. पोलिओमुळे रूझवेल्टांना चालणे अवघड होते, त्यामुळे कुत्र्याबरोबर फिरायला जाणे त्यांना शक्य नव्हते. बसल्या जागी हाताने घास देण्यात आणि शिकवलेले खेळ करून घेण्यात त्यांना किती समाधान मिळत असेल, हे यावरून कळते.

फाला त्यांच्याबरोबर रेल्वेने, मोटारीने, बोटीने हिंडला. ऑगस्ट 1941 मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ रूझवेल्ट आणि चर्चिल यांची जी भेट झाली, जिच्यातून अटलांटिक सनद निघाली, तिथेही तो जहाजावर होता. अध्यक्षांचा प्रवास युद्धकाळात गुप्त ठेवावा लागे. पण वाटेत गाडी थांबली की फालाला पाय मोकळे करायला खाली उतरवणे भाग असे, आणि त्याला पाहताच गाडीत कोण आहे हे स्टेशनवरच्या लोकांना समजे. म्हणून सुरक्षारक्षकांनी त्याला आपले वेगळे नाव ठेवले: ‘खबऱ्या’. युद्धनिधीला एक डॉलर दिल्याबद्दल लष्कराने त्याला मानद शिपाईही केले. त्याला इतकी पत्रे येत की उत्तरे देण्यासाठी एक सेक्रेटरी नेमावी लागली. 1942 साली डेझीने एका लेखिकेबरोबर त्याच्यावर मुलांसाठी पुस्तकही लिहिले.

1944 च्या उन्हाळ्यात रूझवेल्ट ‘बाल्टिमोर’ या क्रूझरवरून हवाईला आणि तिथून अल्यूशियन बेटांकडे गेले. फाला बरोबर होताच. घरी आठवण म्हणून पाठवायला खलाशी त्याचे केस कापून घेत, ते इतके की त्यातही अध्यक्षांना लक्ष घालावे लागले. परतल्यावर विरोधकांनी उठवले की फाला चुकून एका बेटावर राहिला आणि त्याला आणायला विनाशिका परत पाठवली, त्यात करदात्यांचे लाखो डॉलर गेले. 23 सप्टेंबर 1944 रोजी वॉशिंग्टनमधल्या कामगार संघटनेच्या भोजनप्रसंगी रूझवेल्टांनी त्याला उत्तर दिले. टीका आपल्यावर, पत्नीवर, मुलांवर झाली तरी आपल्याला चालते, पण फालाला ती चालत नाही. तो स्कॉटिश असल्याने उधळपट्टीचा आरोप त्याच्या जिवाला लागला आहे, अशा आशयाचे ते बोलले. श्रोते खो-खो हसले, रेडिओवरून देशभर ते ऐकले गेले आणि आरोप तिथेच संपला. चार वर्षे देशाने ते नाव वर्तमानपत्रांत आणि चित्रफितींत ऐकले-वाचले होते. फाला कोण हे कोणाला सांगावे लागले नाही, म्हणूनच हा विनोद जमला. नावात स्कॉटलंड नसते, तर स्कॉटिश काटकसरीचा दाखलाही इतका सहज आला नसता.

12 एप्रिल 1945 रोजी वॉर्म स्प्रिंग्ज इथे रूझवेल्टांचे निधन झाले तेव्हा फाला जवळच होता. रूझवेल्टांच्या हाइड पार्कमधल्या घरी झालेल्या दफनविधीलाही त्याला नेले होते. पुढे तो रूझवेल्टांची पत्नी एलेनॉर यांच्याजवळ, त्यांच्या व्हाल-किल इथल्या घरी राहिला. नंतर त्याचा नातू घरात आला. त्याचे नाव टामस मॅकफाला. एका बंडखोराकडून आलेले नाव अशा रीतीने पुढच्या पिढीचे कुलनाम झाले. एलेनॉर यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की फालाने त्यांना स्वीकारले, पण मालकाची वाट पाहणे त्याने कधी सोडले नाही. जनरल आयसेनहॉवर रूझवेल्टांच्या समाधीवर पुष्पचक्र वाहायला आले, पोलिसांच्या गाड्यांचे भोंगे वाजले, तेव्हा त्याचे कान ताठ झाले आणि मालकच येत आहे असे त्याला वाटले, हा प्रसंग त्यांनीच नोंदवला आहे.

बाराव्या वाढदिवसाला दोन दिवस बाकी असताना, 5 एप्रिल 1952 रोजी फाला मरण पावला. हाइड पार्कच्या गुलाबबागेत, रूझवेल्टांच्या समाधीपासून काही पावलांवर त्याला पुरले. 1997 साली वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट स्मारक उघडले. त्यात शिल्पकार नील एस्टर्न यांनी घडवलेल्या बसलेल्या अध्यक्षांच्या शेजारी फालाचाही पुतळा आहे.